प्लॅस्टिकची भिंत उजळणे : थोड्या भांडवलाचा हुन्नर

घराच्या दर्शनी भिंतीला प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावण्याची चाल येरवड्यातही आली आहे. केंद्र सरकारच्या जेएनएनयूआरएम योजनेतून इथल्या काही वस्त्यांत कच्च्या घरांच्या जागीच पक्की घरे उभी राहिली. घर पक्के झाले की दर्शनी बाजूही नेटकी असावी असे माणसाला वाटते. मग कोणी गॅलरीला पीव्हीसी पॅनेल लावतो, तर दुकानदार शटरच्या वर एसीपी शीट बसवतो. दोन-तीन पावसाळे गेले की पांढरी पट्टी पिवळी पडते, खालच्या कडेला शेवाळ धरते आणि घरमालक म्हणतो, "काढून टाका, नवीन लावा." पुष्कळदा नवीन लावण्याची गरज नसते. धुऊन, डागडुजी करून तीच भिंत आणखी काही वर्षे चालते. हे काम जाणणारे कारागीर मात्र थोडे आहेत.

माल का खराब होतो?

आम्ही कापडवाले कच्चा रंग आणि पक्का रंग यांतला फरक ओळखतो. प्लॅस्टिकचेही तसेच आहे. उन्हातील अतिनील किरणांनी पीव्हीसीची वरची कातडी तुटते, आतली भुकटी वर येते आणि पट्टी खडूसारखी होते. बाहेरच्या वापराच्या मालात हे रोखणारी द्रव्ये पुरेशी घातलेली असतात. घरातल्या छताला लावायच्या हलक्या पॅनेलमध्ये ती नसतात किंवा फार कमी असतात. तेच स्वस्त पॅनेल बाहेर लावले की लवकर पिवळे पडते. विकणाऱ्याने हा ऐब गिऱ्हाइकाला आधीच सांगितला पाहिजे. एसीपीमध्येही पॉलिस्टर थराची शीट आतल्या कामाची असते. उन्हापावसात टिकायला पीव्हीडीएफ थराची शीट लागते.

आधी परीक्षा, मग पाणी

काळ्या सुती कापडाचा तुकडा पट्टीवर जोराने घासून पाहावा. कापडावर पांढरी भुकटी आली तर कातडी झिजली आहे. अशा पट्टीला नुसत्या धुण्याने चमक येणार नाही, रंग द्यावा लागेल. भुकटी आली नाही तर ती फक्त मळ आहे. पट्टी बोटाने दाबताच तडकत असेल तर ती बदलणेच बरे. भिंतीत ओल असेल तर आधी गळती बंद करावी. पट्टी ओल झाकते, थांबवत नाही.

धुण्याची रीत

बादलीभर पाण्यात थोडी साबणाची पूड, मऊ ब्रश आणि स्पंज एवढे सामान पुरते. साबण खालून वर लावत जावा, म्हणजे कोरड्या भागावर मळक्या पाण्याचे ओघळ उमटत नाहीत. स्वच्छ पाणी मात्र वरून खाली सोडावे. हलक्या बुरशीला ३ भाग पांढरा शिरका आणि ७ भाग पाणी लावावे. शेवाळ जुने असेल तर पातळ केलेले ब्लीच काही मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीचमध्ये शिरका किंवा संडासाचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीला घातक असतो. थिनर आणि ॲसिटोनने पट्टी विरघळते, तारेच्या घासणीने ओरखडे पडतात. रॉकेलने तात्पुरती चमक येते, पण मागे राहिलेल्या तेलकटपणावर नगर रस्त्याची धूळ दुप्पट बसते. प्रेशरच्या मशीनचा फवारा खालून वर मारला तर पाणी पट्टीच्या मागे शिरते.

एसीपीवरची पातळ झिल्ली "तेवढीच शीट जपली जाईल" म्हणून अनेक जण तशीच ठेवतात. उन्हाने तिचा गोंद भाजून शीटला चिकटतो. बहुतेक कंपन्या ती दीड महिन्याच्या आत काढायला सांगतात.

डागडुजी आणि रंग

पट्ट्या फुगतात याचे कारण बहुधा बसवण्यात असते. पीव्हीसी उष्णतेने वाढते. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पट्टीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर १० फुटांची पट्टी सुमारे ७ मिलिमीटर वाढते. म्हणून स्क्रू छिद्राच्या मधोमध, थोडा सैल ठेवावा आणि टोकाला जागा सोडावी. रंग द्यायचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग दोन हात द्यावा. मूळ रंगापेक्षा गडद रंग देऊ नये. तो ऊन ओढतो आणि पट्टी वाकते.

जिवाचा प्रश्न

अरुंद बोळात मीटरची पेटी आणि विजेच्या तारा पट्टीला लागूनच असतात. मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी मारू नये आणि शिडी धरायला दुसरा माणूस हवाच. तारा पट्टीच्या आड दडवू नयेत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली. बाहेरच्या एसीपीतील पॉलिथिलीनने ती पसरली आणि ७२ माणसे गेली. आपली घरे लहान आहेत, पण बोळात बाहेर पडायला वाटही एकच असते. जळत्या पीव्हीसीचा धूरही विषारी असतो.

धंदा म्हणून

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. पावसाळा संपला की दिवाळीपर्यंत त्याचा हंगाम असतो. रंगारी आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या बांधवांना तो सहज जोडता येईल. आधी कोपऱ्यातली एक फूट जागा धुऊन दाखवावी, चौरस फुटाचा दर आणि कोणते काम त्यात नाही हे कागदावर लिहावे. जी पट्टी उजळणार नाही तिच्याबद्दल तसे तोंडावर सांगावे. त्या दिवशी एक काम हातचे जाईल, पण त्याच बोळातली पुढची चार घरे तुम्हालाच बोलावतील.