बियांची द्राक्षं

वायनरीच्या बागेत मामांनी घड तोडला नाही. तळहातावर तोलला, एक मणी अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "असला माल व्यापाऱ्यानं गाडीत चढवून घेतला नसता रे."

शिराझ या वाईनच्या द्राक्षाचा घड होता तो. मणी करवंदाएवढे, काळपट जांभळे, जाड सालीचे, आणि आत बिया. दिंडोरी तालुक्यात चाळीस वर्षं खायची, बिनबियांची थॉमसन द्राक्षं पिकवलेल्या माणसाला हा घड म्हणजे बाग फसल्याची खूण. त्यांचा सगळा जन्म मणी फुगवण्यात गेला: विरळणी करायची, घड मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवायचे, पाणी जपून पण पोटभर द्यायचं. वाईनच्या बागेत सगळं उलटं. इथे मणी लहानच राहायला हवा, कारण रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वेलीला पाण्याचा थोडा ताण देतात, घडही मोजके ठेवतात. मामांना हे पटलं, पण बिया थुंकताना त्यांचा चेहरा काही बदलला नाही.

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या काठाने जो रस्ता जातो, त्यावर गेल्या पंचवीस वर्षांत वाईनचं एक वेगळंच गाव वसलं आहे. त्याचं मूळ सुला ही वायनरी. स्टॅनफर्डला शिकून ऑरॅकलमध्ये नोकरी केलेले राजीव सामंत नव्वदच्या दशकात घरच्या जमिनीवर परतले. आंबे वगैरे लावून पाहिल्यावर 1997 साली त्यांनी सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँच्या वेली लावल्या. सल्ल्याला कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की होते. 2000 साली पहिली वाईन बाजारात आली. आई सुलभा, म्हणून नाव सुला. पाच वर्षांनी बागेतच टेस्टिंग रूम निघाली आणि नाशिकला येणाऱ्यांत एका नव्या जमातीची भर पडली. पंचवटीला किंवा त्र्यंबकेश्वरला न जाता परस्पर इकडे वळणारी ही मंडळी. आता तर डिसेंबर 2022 पासून कंपनीचे शेअरही बाजारात आहेत.

हे सगळं शून्यातून उगवलं, असं सांगायची फॅशन आहे. ते खरं नाही. त्याआधी, ऐंशीच्या दशकातच नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने फेसाळती वाईन बनवून 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली होती. शिवाय 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. त्या लाटेत पुष्कळ जण उतरले. 2008 नंतरच्या मंदीत मागणी आटली, कित्येक वायनऱ्यांना कुलपं लागली आणि शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मुळासकट उपटल्या. मामांच्या शेजाऱ्याने तीन एकर उपटली. वाईनची द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत, बेदाण्यालाही चालत नाहीत. कंपनीने घेतली तर घेतली. वायनरीच्या सफरीत गाइड मुलगा हे सांगत नाही. म्हणून मामांनीच विचारलं, "भाव कोण ठरवतं?" उत्तर आलं: आधीच करार असतो आणि माल ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या अंशावर, पारखतात. "म्हणजे तुम्हीच," मामा म्हणाले. मुलगा हसला.

फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास उतरतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. तिकडे बर्फाळ हिवाळा वेलीला झोपवतो. आपल्याकडे ते काम कात्रीला करावं लागतं. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, पावसाळा सरतानाची छाटणी फळासाठी. द्राक्षं पावसात पिकू दिली तर डाऊनी बुरशी आणि कूज वाट पाहतच असतात. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री निफाडची थंडी, असा दुहेरी हिशेब जमतो. थंड रात्रींनी द्राक्षातली आंबट बाजू टिकते, नाहीतर नुसता गोडवा उरला असता. तोडणी हाताने, भल्या पहाटे, कारण गार द्राक्ष गारच प्रेसपर्यंत पोचायला हवं.

वायनरीचा आतला भाग बघायला दुधाच्या डेअरीसारखा. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून गार पाणी खेळवणारं आवरण, फरशीवर सतत पाणी. पांढऱ्या वाईनसाठी रस आधी पिळून सालीपासून वेगळा काढतात आणि कमी तापमानाला सावकाश आंबवतात. लाल वाईन सालीसकट आंबते. साली वायूने वर ढकलल्या जाऊन जाड साय धरतात आणि ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावी लागते, नाहीतर रंगही उतरत नाही आणि बुरशीचंही भय. पुढे काही वाईन ओकच्या 225 लिटरच्या पिंपांत मुरते. पिंपांच्या खोलीत शिरल्यावर मामा थबकले. "गुऱ्हाळात रात्री येतो तसा वास." मला तो ओल्या लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वाटला होता, पण त्यांचं बरोबर असावं.

टेस्टिंगला ते बसले, पण प्यायले नाहीत. माळकरी माणूस. मी म्हटलं, वास तरी घ्या. सोव्हिन्याँ ब्लाँचा ग्लास नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. "ढोबळी मिरची." टेबलापलीकडची मुलगी चकित झाली, कारण उत्तर अगदी पुस्तकी होतं. ढोबळी मिरचीत जी पायराझिन नावाची द्रव्यं असतात, तीच या द्राक्षातही असतात. माझ्या शेजारच्या टेबलावर मुंबईची पाच मंडळी ग्लास गरागरा फिरवत होती आणि कोणीच काही ओळखत नव्हतं.

बाकी थाटामाटाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. तळ्याकाठचे व्हिला, पोहण्याचे तलाव, इटलीतून उचलून आणल्यासारख्या कमानी छान दिसतात, पण सह्याद्रीच्या काळ्या दगडापुढे उपऱ्या वाटतात. गंगापूरच्या काठावरचीच यॉर्क (योगिता, रवी, कैलास या भावंडांच्या आद्याक्षरांवरून नाव; 2021 पासून तीही सुलाकडे) किंवा इगतपुरीजवळ मुकणे धरणाकाठची छोटी व्हालोने मला जास्त भावते. दिंडोरीत फ्रेंच शांदोंची फेसाळती वाईन बनते. सोलापूरकरांना अकलूजची फ्रातेल्ली जवळ. मोहिते-पाटील आणि इटलीचे सेक्की बंधू एकत्र आले, म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'.

एकदा मी एप्रिलमधल्या शनिवारी एका वायनरीत गेलो होतो. नाव सांगत नाही. पाऊण तास रांग, पंधरा मिनिटांत उरकलेली सफर, कर्णकर्कश गाणी, आणि शेवटी चहासारखी कोमट लाल वाईन. विचारलं तर म्हणे, लाल वाईन खोलीच्या तापमानालाच पितात. अहो, ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. नाशिकची एप्रिलमधली नव्हे! आणि बागेत तेव्हा बघायला काही नव्हतंच. खरड छाटणी झालेली, वेलींचे नुसते ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, उरलेले.

तेव्हा जायचंच असेल तर फेब्रुवारीत जा, मंगळवार-बुधवार गाठून, सकाळी दहाच्या आत, वेलीवर घड असताना. टेस्टिंगच्या आधी बागेत नेतात का, हे फोन करून विचारा. एकवीस पूर्ण नसतील त्यांना ग्लास मिळत नाही, आणि ड्राय डे कॅलेंडरवर पाहून ठेवा. परत गाडी चालवायला न पिणारं कोणीतरी बरोबर हवंच. आमच्याकडे मामा होते.