ताडपत्रीवरची खांदेरी

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मी घरी सापडत नाही. पंचवीस वर्षं झाली, दिवाळीतले मातीचे किल्ले बघत हिंडतो आहे. त्यातली निम्मी वर्षं परीक्षक म्हणून, हातात गुणपत्रिका घेऊन. २०२५ च्या दिवाळीत पनवेलहून जासईमार्गे न्हावा शेव्याकडे वळलो. त्या एका दिवसात दोन किल्ले पाहिले, आणि तेव्हापासून माझ्याच गुणपत्रिकेशी माझं भांडण चालू आहे.

न्हावा शेवा हे बोलण्यात एकच नाव झालं आहे, पण न्हावा वेगळं आणि शेवा वेगळं गाव. बंदर सुरू झालं ते २६ मे १९८९ रोजी. त्याआधी या भागात मिठागरं, भातशेती आणि मासेमारी. शेवा गाव बंदरासाठी उठलं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. आता रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग असते. एवढं सांगून मी किल्ल्यांकडे वळतो.

इथली माती किल्ला करणाऱ्याला फसवते. खाडीचा काळा चिखल हाताला लोण्यासारखा लागतो, बुरूज सुरेख वळतो. पण दोन उन्हं लागली की तटाला भेगा पडतात. शिवाय मातीत मीठ, त्यामुळे अळीव रुजत नाही. म्हणून जाणती मुलं आतला डोंगर दगड-विटा आणि गोणपाटाचा रचतात, त्यावर खाडीच्या चिखलाचा हात देतात आणि वरचा थर डोंगराकडच्या लाल मातीचा घालतात. अळीव त्या लाल मातीत पेरायचा. चौथ्या दिवशी डोंगर हिरवा होतो.

पहिला किल्ला स्पर्धेतला, राजगड. आठ-दहा कॉलेजची पोरं पंधरा दिवस खपली होती. सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तिन्ही माच्या जागच्या जागी, मधोमध बालेकिल्ला. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी मी वाकून पाहिली. दोन तटांमधली चिंचोळी वाट त्यांनी सोडली होती, आत उतरायच्या पायऱ्यासुद्धा. जून महिन्यात ही पोरं राजगडावर जाऊन माचीवर टेप लावून आली होती. स्पर्धेने हे केलं, हे मी मान्य करतो. बक्षिसाची ओढ नसती तर यातली निम्मी पोरं गडावर गेलीच नसती. कडेला फलक होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांची नावं त्यावर होती. एका मुलीने न अडखळता सगळी माहिती सांगितली. भोवती दोरी, दोरीला पुठ्ठा : हात लावू नये.

मावळे मात्र दहा-बाराच. विचारलं तर म्हणाले, ‘‘सर, बाजारातले मावळे प्रमाणात बसत नाहीत. मागच्या वर्षी त्याचेच गुण गेले.’’

इथे मला थांबलंच पाहिजे, कारण मावळा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मातीचा मावळा दोन साच्यांत होतो, पुढचा आणि मागचा. दोन्हींत माती दाबायची, अर्धी अंगं जोडायची, कडेची शिवण ओल्या बोटाने पुसायची. घाईत केलेल्या मावळ्याच्या कानामागे ती शिवण बोटाला लागते. भाला लावायचा तर मुठीत माती ओली असतानाच काडीने भोक पाडतात. मान तुटली तर उदबत्तीची काडी आत घालून बसवायची, हे प्रत्येक घरात कुणीतरी शोधून काढलेलं असतं. माझ्याकडे असे दोनशेच्या वर मावळे आहेत आणि त्यांच्या मिशा एकसारख्या नाहीत.

आता प्रमाण. मावळा चार इंचांचा आणि माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर हिशेब साधारण सोळाला एक. सिंधुदुर्गाचा तट सुमारे तीस फूट उंच आणि तीन किलोमीटर लांब. या मापाने तट पावणेदोन फूट उंच होईल, ते जमेल. पण त्याची लांबी १८० मीटर भरेल, म्हणजे सगळ्या इमारतीला वेढा पडेल! विलायतेत खेळातल्या लढाया करणारे लोक २८ मिलिमीटरचे शिपाई वापरतात. त्या मापाने तोच तट सहा इंचांवर येतो. तरीही लांबी ५० मीटर. कोणत्याही अंगणात किल्ला खोटाच असतो. म्हणून महाराज दरवाजापेक्षा उंच दिसले तर मी गुण कापत नाही. मुलाला जे मोठं वाटतं ते त्याने मोठं केलं आहे.

त्या विलायती छंदातही नीटनेटकेपणा की खेळ, हेच भांडण आहे. प्रशियात १८२४ साली रायस्विट्झ या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे सरकवून लढायचा खेळ सिद्ध केला आणि सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरातल्या जमिनीवर आणला : शिशाचे शिपाई, आणि स्प्रिंगने लाकडी गोळी मारणारी तोफ. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला, पुढे त्याच्या स्पर्धाही होऊ लागल्या. आता कुणी महिनाभर एका शिपायाचा अंगरखा रंगवत बसतो, तर कुणी फक्त जिंकणारी फौज जुळवतो. ‘वॉरहॅमर’च्या २०२० च्या नियमांत तर शंभरातले दहा गुण फौज पूर्ण रंगवलेली असण्याचे ठेवले होते. रंगवण्याचे गुण पाहिल्यावर मला आपल्या स्पर्धांची आठवण झाली. पण त्यांच्याकडे निदान डाव खेळला जातो. आपल्या स्पर्धेतल्या किल्ल्यावर एकही तोफ उडत नाही.

दुसरा किल्ला स्पर्धेतल्या राजगडापासून दोन गल्ल्या आत, कोळी वस्तीत. स्पर्धेत नाव दिलेलं नव्हतं. अंगणात खड्डा, खड्ड्यात निळी ताडपत्री, त्यात पाणी, मधे मातीचा ओबडधोबड उंचवटा. पहाऱ्याला दोन मावळे, एक तुतारीवाला आणि डोक्यावर घडा घेतलेली गवळण. ‘‘काका, ही खांदेरी,’’ नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणाला. थळच्या समुद्रातली खांदेरी त्याच्या आजोबांच्या मासेमारीच्या वाटेवरची.

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन या बेटावर उतरले आणि तट बांधायला लागले. मुंबईच्या तोंडावर किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं आणून बेट अडवलं. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेलं. ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती लागलं, ‘रिव्हेंज’ टिकून राहिलं. पण मराठ्यांच्या वल्ह्यांच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोचवतच राहिल्या. अखेर इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

मुलांचा नियम असा : मोठी जहाजं चपलांच्या खोक्यांची, मेणकागद लावलेली. ती हाताने ढकलायची नाहीत, फक्त वाऱ्याने हलवायची. वारा म्हणजे सूप. सूप हलवणारा कुणाच्याच बाजूचा नाही, आणि दहा आकडे मोजून झाले की त्याने थांबायचं. कागदी होड्या मात्र कधीही बोटाने ढकलाव्या. तोफेचे गोळे म्हणजे चिंचोके. दोन लागले की होडी बुडाली.

‘‘हा नियम कुणी काढला?’’

‘‘आजोबा म्हणाले, वल्हं असलं की वाऱ्याची वाट बघायची गरज नाही.’’

मी गुणपत्रिका पिशवीत ठेवली. त्या लढाईवर मी बरंच वाचलं आहे, पण खांदेरी का पडली नाही ते त्या ताडपत्रीपाशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. सुपाचा वारा थांबला की खोक्याचं जहाज जागच्या जागी गोल फिरायचं, आणि त्याच्या मागून चुरमुऱ्यांनी भरलेली कागदी होडी बेटाला जाऊन टेकायची.

संध्याकाळी राजगडाला पहिला क्रमांक दिला. तो त्यांचाच होता. बक्षीस देऊन झाल्यावर मी त्या पोरांना म्हटलं, ‘‘आता दोरी काढा आणि धाकट्यांना आत सोडा.’’ ती एकमेकांकडे बघत राहिली. मग माहिती सांगणाऱ्या मुलीनेच गाठ सोडली. संजीवनी माचीच्या दोन तटांमधल्या वाटेत एका लहानग्याने पहिला मावळा उभा केला. बाहेरचा तट पडला तरी आतला लढवायचा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

परतताना पुन्हा कोळी वस्तीत शिरलो. पणत्या लागल्या होत्या, डाव रंगात आला होता आणि वारा घालणारा पोरगा जेवायला गेला होता.

‘‘काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे?’’

‘‘कुणाच्याच नाही.’’

त्याने सूप माझ्या हातात दिलं.