छापणे सोपे, वाचून घेणे अवघड

निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल कपाटात जाते, श्रीफळ स्वयंपाकघरात जाते आणि काही माणसांच्या बाबतीत फंडाच्या रकमेतला एक लहानसा वाटा छापखान्यात जातो. चार-सहा महिन्यांनी टेम्पोतून पुस्तकांचे गठ्ठे घरी येतात. शाळेच्या सभागृहात प्रकाशन समारंभ होतो, पाहुणे पुस्तक न वाचताच त्यावर बोलतात, आप्तेष्ट एकेक प्रत घेऊन जातात. उरलेल्या प्रती पलंगाखाली सरकवल्या जातात आणि तिथेच राहतात. लेखकाची पत्नी केर काढताना त्या गठ्ठ्यांकडे पाहते, परंतु काही बोलत नाही.

हौशी लेखकाचे हे चित्र थट्टेचा विषय होऊन बसले आहे. ही थट्टा अन्यायाची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. वसई-विरारच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही असा एखादा लेखक शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ह्या शहराची वस्ती बारा लाखांहून अधिक होती, आणि त्यांतले असंख्य लोक सकाळी चर्चगेटच्या दिशेने जातात व रात्री परततात. त्या गर्दीत शिक्षक आहेत, बँकेतले व कचेऱ्यांतले कारकून आहेत, परिचारिका आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या वाडीच्या आठवणी लिहीत असतो, कोणी बोलीतली लग्नगीते गोळा करीत असतो, कोणी कुळाचा इतिहास, तर कोणी कविता. हे लेखन पोटासाठी नव्हे. किंबहुना त्यासाठी पोटाला चिमटाच घ्यावा लागतो. म्हणूनच त्याचा विचार आदराने झाला पाहिजे, आणि आदराने म्हणजे स्पष्टपणे.

स्वखर्चाची थोर परंपरा

पदरमोड करून आपले शब्द लोकांपुढे ठेवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ह्याच भागातले सर्वांत जुने उदाहरण सम्राट अशोकाचे आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला. अशोकालाही कोणी प्रकाशक नव्हता! आपले म्हणणे त्याने स्वतःच्या खर्चाने दगडावर खोदवून घेतले, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर त्यातले दोन तुकडे आपल्या हाती लागले.

अर्वाचीन मराठीतही हीच परंपरा दिसते. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे आरंभीचे भाग ‘दीनबंधु’त आले, परंतु पुढचे छापण्यास संपादक कचरले. संपूर्ण पुस्तक फुल्यांच्या हयातीत निघू शकले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले आणि आर्थिक ओढगस्त सोसून, ते एकहाती चालविले. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून प्रसिद्ध केली. १९७६ साली अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल ह्या चौघा कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ काढून आपली पुस्तके आपणच प्रकाशित केली. त्यांतल्या ‘जेजुरी’ला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला.

ही नावे प्रकाशन समारंभांतून वारंवार उच्चारली जातात आणि त्यांनी हौशी लेखकाचे सांत्वनही होते. परंतु एक गोष्ट सांगायची राहून जाते. ‘विशाखा’साठी खांडेकरांनी केवळ पैसे घातले नाहीत, त्यांनी त्या कविता आधी वाचल्या आणि पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ‘क्लिअरिंग हाउस’च्या चौघांपैकी प्रत्येकजण कवी होता, म्हणजे प्रत्येकाच्या हस्तलिखिताला तीन जाणकार वाचक घरातच होते. ह्या लेखकांना प्रकाशक मिळाला नसेल किंवा नको असेल. पण वाचक मिळाला होता, आणि तोही छापण्यापूर्वी.

मधला माणूस गेला

खिळे जुळवून छापण्याच्या काळात पुस्तक काढणे खर्चाचे आणि कष्टाचे होते. जुळारी एकेक अक्षर उचलून ओळ बांधी, मुद्रितशोधक प्रुफे तपासी, आणि ह्या प्रवासात हस्तलिखित चार जणांच्या डोळ्यांखालून जाई. संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि हे चित्र पालटले. आता लेखक स्वतःच मजकूर टंकतो आणि यंत्रावर पन्नास प्रतीदेखील छापून मिळतात. हे चांगलेच झाले. जे कोणालाही परवडत नव्हते, ते शिक्षकाला व कारकुनाला परवडू लागले. परंतु छपाई स्वस्त होताना मधला माणूस, म्हणजे ‘हे पान काढा, हे पुन्हा लिहा’ असे सांगणारा, कामावरून कमी झाला. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तके काढणारे जे व्यावसायिक आज आहेत, त्यांच्या धंद्यात नकाराला जागाच नाही. पैसे भरणाऱ्याला ‘नाही’ कोण म्हणेल?

ह्यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. पूर्वीचे संपादक काय सगळ्यांना न्याय देत होते? नव्हते. ‘सत्यकथे’च्या साक्षेपी संपादनाची कीर्ती मोठी, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या सूचनांनी अनेकांची कथा घडली. पण त्याच अभिरुचीच्या भिंतीबाहेर राहिलेल्या तरुणांनी साठच्या दशकात सायक्लोस्टाइल केलेली लघुनियतकालिके काढली. दलित साहित्यालाही स्वतःची व्यासपीठे उभारावी लागली. स्वतः छापण्याची मुभा नसती, तर मराठीचे किती नुकसान झाले असते! तेव्हा दारावर पुन्हा पहारेकरी बसवा, असे येथे सुचवायचे नाही. पहारेकरी आणि वाचक ह्या दोन भिन्न व्यक्ती आहेत. पहारेकरी आत येऊ द्यायचे की नाही ते ठरवतो. वाचक आत आलेल्याला समोर बसवून विचारतो, ‘तुम्हाला म्हणायचे आहे ते हेच का?’ हौशी लेखकाला उणीव आहे ती ह्या दुसऱ्या माणसाची.

वसईत काय पणाला लागले आहे

हा प्रश्न सर्वत्रच आहे. पण वसईत त्याला एक विशेष निकड आहे. सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळी, कोळी, वारली अशा कितीतरी बोली ह्या एका तालुक्यात नांदत आल्या. रहाटाच्या पाण्यावर पोसलेल्या वाड्या, नागवेलीचे मळे, आगाशीची सुकेळी, पाचूबंदर व अर्नाळ्याची मासेमारी, मिठागरे, तुंगारेश्वराच्या पायथ्याचे पाडे ह्या प्रत्येकाची स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. वाडीच्या जागी इमारत उभी राहते, तेव्हा झाडे जातात हे सर्वांना दिसते; झाडांबरोबर शब्दही जातात, हे दिसत नाही. रहाट थांबला की त्याच्या प्रत्येक भागाचे नाव एका पिढीत विसरले जाते. नातवंडे प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत शिकतात आणि आजीची बोली आजीबरोबरच संपते.

ही संपत्ती नोंदवून ठेवायला विद्यापीठाचे संशोधक घरोघर येणार नाहीत. ती नोंदली गेलीच, तर फंडातून पुस्तक काढणाऱ्या ह्या हौशी लेखकाच्या हातूनच नोंदली जाईल. म्हणून त्याचे पुस्तक चांगले होणे, हा केवळ त्याचा खाजगी प्रश्न उरत नाही. दुर्दैवाने, एकट्याने लिहिणारा माणूस पुष्कळदा उसन्या साहित्यिक भाषेच्या आहारी जातो. ज्याने लहानपणी भल्या पहाटे फुलांच्या पाट्या दादरला नेल्या, तो ‘निसर्गाच्या कुशीत रम्य बालपण गेले’ असे लिहून मोकळा होतो. पाटी कशाची होती, तिच्यात काय भरत, गाडीत ती कुठे ठेवीत, घरी बोलीत तिला काय म्हणत, हे लिहायचे त्याला सुचत नाही. कारण त्याला ते क्षुल्लक वाटते. समोर एखादा वाचक असता, तर त्याने नेमके हेच विचारले असते.

असे विचारणारे स्थान वसईला लाभले नव्हते, असे नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धार्मिक मासिकाला त्यांनी सामाजिक व साहित्यिक रूप दिले आणि स्थानिक माणसाला लिहिते केले. २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तो ह्या भूमीचाही गौरव होता. २०२४ साली ते गेले. एका गावातले एक मासिक आणि एक साक्षेपी संपादक काय करू शकतात, ह्याचा हा वस्तुपाठ आहे.

काय करता येईल

उपाय खर्चिक नाही. आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी महिन्यातली एक संध्याकाळ हस्तलिखितांसाठी राखून ठेवावी. लेखकाने वीस-पंचवीस पाने आधी द्यावी. दोघांनी ती घरी वाचून यावी. चर्चेच्या वेळी लेखकाने मौन पाळावे आणि टीकाकाराने स्तुतीची सूट घेऊ नये. निवृत्त भाषाशिक्षक प्रत्येक वस्तीत आहेत. आयुष्यभर निबंध तपासलेल्या त्या हातांना हे काम जड नाही.

लेखकानेही काही पथ्ये पाळावी. प्रारंभी थोड्या प्रती काढाव्या. मागणी आली तर पुन्हा छापता येतात. कराराशिवाय कोणालाही हस्तलिखित देऊ नये. लेखनाचे स्वामित्व लिहिताक्षणी लेखकाचे होते, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी करावी. आणि १९५४ च्या कायद्याने ग्रंथप्रेषणाचे जे कर्तव्य प्रकाशकावर टाकले आहे, ते स्वतः प्रकाशक झालेल्या लेखकावरही येते, ह्याचा विसर पडू देऊ नये. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीतली नेमलेली ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. पलंगाखालच्या गठ्ठ्यातल्या चार प्रती तरी अशा सुरक्षित जागी पोचतील, आणि पन्नास वर्षांनी वसईची बोली शोधणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला त्या सापडतील.

त्या विद्यार्थ्याच्या हाती काय पडावे, हे मात्र आज ठरायचे आहे. शेजारचे गुरुजी वही घेऊन दाराशी येतील आणि ‘जरा वाचून बघा’ म्हणतील, तेव्हा ‘छान आहे’ म्हणून ती परत करू नका. पेन्सिल घेऊन बसा. त्यांच्या फंडाच्या पैशापेक्षाही त्यांना तुमच्या दोन तासांची गरज अधिक आहे.