आवाज न करणारं पिस्तूल

मढीच्या कानिफनाथांची यात्रा असो की मोहट्याच्या देवीचं नवरात्र, पाथर्डी तालुक्यात जत्रा म्हटली की फुगे फोडण्याचा फळा आलाच. पोरं पैसे देतात, दुकानदार बंदुकीची नळी मधोमध मोडून कमरेत बारीक असलेला शिशाचा छर्रा आत बसवतो, नळी पुन्हा सरळ करतो आणि बंदूक पोराच्या हातात देतो. एक ‘फट्’ होतं. फुगा कधी फुटतो, कधी शेजारचा फुटतो. तालुक्यातल्या बहुतेकांची नेमबाजीशी ओळख एवढीच.

पुढची हौस मोबाइलवर वाढते. अमेरिकेतला कुणी हौशी माणूस पिस्तुलाच्या तोंडाला काळी नळकांडी फिरवून बसवतो, लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतो, आणि आवाज येतो तो दार आपटल्याएवढा. मग प्रश्न सुचतो, की करमणूक म्हणून सायलेन्सर लावून नेमबाजी करायची, तर पिस्तूल कोणतं घ्यावं?

यंत्राच्या अंगानं याचं उत्तर फार सुंदर आहे. बंदुकीचा आवाज एक नसतो. नळीतून सुटलेला तापलेला वायू हवेत फुटतो तो पहिला. गोळी आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरहून जोरात गेली, तर हवेत फटकारा बसतो तो दुसरा. यंत्राचे सुटे भाग मागे-पुढे आपटतात तो तिसरा. सायलेन्सर फक्त पहिल्यावर काम करतो. आतल्या पडद्यांमध्ये तो वायूला अडवतो, थंड करतो, हळूहळू बाहेर सोडतो. पिस्तुलाचा आवाज १५० ते १६५ डेसिबलच्या घरात असतो. त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी होतात. कानाला इजा होण्याची सीमा १४० डेसिबल धरतात. म्हणजे सायलेन्सर कान वाचवतो, सिनेमातल्यासारखी बंदूक मुकी करत नाही.

म्हणून जिथे कायद्याची परवानगी आहे, तिथले जाणते लोक नवशिक्याला आधी .२२ इंची नळीचं पिस्तूल सुचवतात. याची गोळी हलकी, दारू थोडी. साधी .२२ ची गोळी पिस्तुलाच्या आखूड नळीतून आवाजाच्या वेगाच्या आतच सुटते, त्यामुळे दुसरा फटकारा आपोआप टळतो. शिवाय अशा बहुतेक पिस्तुलांची नळी सांगाड्याला पक्की जोडलेली असते. ९ मिलिमीटरच्या बहुतेक पिस्तुलांत दर गोळीला नळी किंचित मागे सरून खाली झुकते. तिच्या टोकाला वजन लटकवलं की ती नीट हलत नाही आणि पिस्तूल अडतं, म्हणून सायलेन्सरमध्ये स्प्रिंगचा वेगळा जोड बसवावा लागतो. वर ९ मिलिमीटरची नेहमीची हलकी गोळी आवाजाच्या वेगाहून जोरात जाते, म्हणून जड गोळी शोधा. नळकांडी नेमाच्या रेषेत येऊन लक्ष्य झाकते, म्हणून नेम धरायची माशी उंच लावा. .२२ मध्ये ही कटकट फार कमी, फक्त शिशाची आणि दारूची काजळी साफ करत बसावी लागते.

हे नळकांडं हायरम पर्सी मॅक्सिम यांचं. मशिनगनवाल्या मॅक्सिम यांचा हा मुलगा. १९०९ मध्ये त्यानं अमेरिकेत पेटंट घेतलं, आणि याच डोक्यानं मोटारींच्या इंजिनांचा आवाजही दाबला. शेजाऱ्यांना त्रास न देता नेमबाजी करता यावी, अशी त्याची जाहिरात असे. १९३४ मध्ये अमेरिकेनं त्यावर दोनशे डॉलरचा कर आणि नोंदणी लादली.

भारतात मात्र हा रस्ता बंद आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राची व्याख्या केली आहे, तिच्यातच गोळीचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेल्या जोडसामानाचा समावेश आहे. म्हणजे सोबत पिस्तूल नसलं, तरी नुसतं नळकांडं कायद्याच्या नजरेत बंदूकच. २०१६ च्या शस्त्र नियमांत ते निषिद्ध वर्गात बसवलं आहे. ९ मिलिमीटरची पिस्तुलंही सामान्य नागरिकाला निषिद्ध. कुणी इंटरनेटवर ‘क्लीनिंग किट’ अशा नावाखाली असली वस्तू विकत असेल, तर पाथर्डीच्या पोरानं तिकडे पाहूही नये. वर्तमानपत्रात आपल्याकडे पिस्तूल येतं ते ‘गावठी कट्ट्या’च्या बातमीत, आणि तशा बातमीत नाव यायला एक पार्सल पुरतं.

पण मूळ इच्छा शांतपणे, कान न फोडता, हौसेनं नेम धरण्याची असेल, तर ती पुरवणारं यंत्र केव्हाच तयार आहे. ते म्हणजे दहा मीटरचं स्पर्धेचं एअर पिस्तूल. त्यात दारू नाही, स्फोट नाही. नळीखालच्या लांबट सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबलेली हवा भरलेली असते. चाप ओढला की हातोडी व्हॉल्व्हवर बसते, मोजून हवा सुटते आणि साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास निघतो. त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या आतबाहेर. २०१६ च्या नियमांनी परवाना लागतो तो २० ज्यूलच्या वर किंवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीला. म्हणजे हे पिस्तूल परवान्याच्या कक्षेबाहेर राहतं.

अशा पिस्तुलाच्या नळीच्या टोकालाही एक नळकांडं दिसतं आणि पाहणाऱ्याला ते सायलेन्सर वाटतं. ते काम वेगळं करतं. त्याला वर भोकं असतात. छर्ऱ्यामागची हवा त्यातून बाजूला निघून जाते, छर्ऱ्याला ढकलून त्याची दिशा बिघडवत नाही आणि पिस्तुलाचं तोंड वर उचलू देत नाही. एअर पिस्तुलात हे चालतं. पंचवीस मीटरच्या .२२ पिस्तुलात मात्र आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ असल्या सगळ्या जोडण्यांना मनाई करतो.

आता चापाकडे पाहा, कारण पिस्तूल निवडायचं ते आधी याच्यावरून. नियम सांगतो, की एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचा ताण हवा. सामन्याआधी तपासणीच्या टेबलावर पिस्तूल उभं धरतात, चापाला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात आणि पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन उचललं जाऊन हातोडी सुटली नाही, तर पास. बोटाला ही गोष्ट अशी कळते: पहिला टप्पा सैल, मऊ, जवळजवळ बिनवजनाचा. मग एक भिंत लागते. त्या भिंतीवर बोट टेकवून थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि भिंत कधी कोसळली हे हाताला कळायच्या आत छर्रा गेलेला असावा. चांगल्या पिस्तुलात ही भिंत रोज त्याच जागी असते. जत्रेतल्या बंदुकीत ती दर खेपेला वेगळ्या जागी असते, आणि म्हणून शेजारचा फुगा फुटतो. दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. दहा मीटरवरून तो टिंब दिसतो.

स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, पार्डिनी ही नावं इथे आदरानं घेतली जातात. यांतल्या कुठल्याही पिस्तुलाचं नेमकेपण नवशिक्याच्या हाताहून कितीतरी जास्त असतं. मग फरक पडतो तो लाकडी मुठीत. अंगठ्याखाली ती घट्ट बसते का, तळहाताला मधे पोकळी राहते का, हे पाहावं. पुष्कळ खेळाडू स्वतः मूठ घासतात, कुठे लाकडाची लुगदी भरतात.

आणि तरीही यंत्र दगा देऊ शकतं. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची नेमबाज मनू भाकर पात्रता फेरी खेळत असताना तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर, म्हणजे पिस्तूल सज्ज करणारी दांडी, तुटला. साठ नेम, सव्वा तास, आणि मधेच हे. प्रशिक्षक रौनक पंडित धावपळ करत होते. ती परत उभी राहिली तेव्हा चाळीसहून अधिक नेम उरले होते आणि हातात चाळीस मिनिटंही नव्हती. तिनं ५७५ गुण मिळवले, बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. एका दांडीनं खेळाडूची काही वर्षांची मेहनत खाल्ली. तिनं २०२४ मध्ये पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं जिंकली, पण त्या दिवशीच्या ५७५ चं मोल वेगळंच आहे.

महाराष्ट्रात पिस्तुलाची मोठी कमाई कोल्हापूरच्या राही सरनोबतची. २०१३ मध्ये तिनं चँगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत. तिथे ३४-३४ अशी बरोबरी होऊन निकाल शूट-ऑफवर गेला होता. तिचं शस्त्र पंचवीस मीटरचं .२२, म्हणजे परवान्याचं.

पाथर्डीच्या मुलाच्या अडचणी मात्र एअर पिस्तुलापासूनच सुरू होतात. एअर पिस्तुलाला जागा कमी लागते. शाळेतलं दहा मीटरहून लांब सभागृह, भक्कम भिंत, छर्रे अडवणारी पेटी, जमिनीपासून १.४० मीटरवर लक्ष्य आणि चांगला उजेड एवढं पुरतं. पण हवा कुठून आणायची? कल्याण–निर्मल रस्त्यावर पंक्चरची दुकानं खूप, त्यांचा कॉम्प्रेसर दहा-बारा बारवर थकतो. इथे २०० लागतात. त्यासाठी पाणबुड्यांच्या सिलिंडरसारखं मोठं सिलिंडर भरून आणावं लागतं, किंवा उच्च दाबाचा हातपंप घेऊन घाम गाळावा लागतो, आणि पंपाच्या हवेतली ओल व्हॉल्व्हला खाते. चैत्र-वैशाखात तापलेल्या गाडीत भरलेलं सिलिंडर ठेवणं धोक्याचं. सिलिंडरला मुदत असते, ती त्याच्यावर छापलेली असते, अनेक कंपन्या १० वर्षं धरतात. मुदत उलटलेलं स्वस्त सिलिंडर कुणी जुन्या पिस्तुलासोबत गळ्यात मारत असेल, तर पिस्तुलाचा सौदाच सोडावा. एका दांड्यानं हवा दाबणारी जुनी पिस्तुलं यातून सुटका करतात. दर नेमाला दांडा ओढावा लागतो, हात थकतो, पण सिलिंडरचा प्रश्नच उरत नाही. पहिली दोन वर्षं त्यांच्यावर काढणं शहाणपणाचं.

शिसं हाही खरा त्रास. छर्रे हाताळून कुणी तसंच भाकरीला हात लावू नये. पेटीतला चुरा झाडून उडवू नये, ओल्या फडक्यानं टिपावा.

.२२ कडे जायचं, तर अडचणी चढत जातात. परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांची पडताळणी, आणि गोळ्यांना हिशेब. पंचवीस मीटरच्या रेंजला गोळी अडवणारा उंच मातीचा बांध आणि मंजुरी लागते. ती शाळेच्या सभागृहात बसत नाही. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रेंज आहे, पाथर्डीपासून सुमारे १७० किलोमीटर. सकाळच्या एसटीनं निघून संध्याकाळी परतायचं, हे आठवड्यातून दोनदा एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या घरातून होणं अवघड आहे. म्हणून तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात दहा मीटरच्या दोन-तीन लेन आणि सगळ्यांत मिळून एक चांगलं एअर पिस्तूल, एवढी मागणी आधी व्हायला हवी. मूठ मात्र तीन मापांची मागवावी, कारण पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाताला मोठ्या माणसाची मूठ सहसा बसत नाही.