नालागिरी : दगडात कोरलेली संघातली फूट

चेन्नईच्या एग्मोर भागातलं सरकारी वस्तुसंग्रहालय १८५१ सालचं. तिथल्या अमरावती शिल्पांमध्ये एक गोल पदक आहे. आंध्रात कृष्णाकाठी अमरावतीला सुमारे ५० मीटर व्यासाचा महास्तूप होता. त्याभोवतीच्या दगडी कठड्यासाठी पलनाडच्या फिकट चुनखडकात हे पदक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलं गेलं.

पदकावरची गोष्ट भिक्षुसंघातल्या वैराची. देवदत्त बुद्धांचा चुलतभाऊ आणि स्वतः भिक्षू. संघाचं नेतृत्व हाती येईना, तेव्हा त्यानं राजगृहाच्या रस्त्यावर नालागिरी हा मदमस्त हत्ती बुद्धांच्या अंगावर सोडायला लावला.

डावीकडे हत्ती मोकाट सुटलाय. एक माणूस त्याच्या तावडीत सापडलाय, बाकीची माणसं जीव मुठीत धरून आहेत, घाबरलेली बाई जवळच्याला बिलगलीय, वरच्या खिडक्यांतून लोक डोकावतायत. नजर उजवीकडे सरकली की तोच हत्ती बुद्धांपुढे गुडघे टेकून बसलेला दिसतो. एकाच वर्तुळात हत्ती दोनदा येतो आणि आधीचा कल्लोळ नंतरच्या शांततेला लागूनच राहतो. एवढ्याशा जागेत भीतीच्या इतक्या तऱ्हा कोरणाऱ्या त्या हाताला मनोमन नमस्कार घडतो.

मराठी माणसाला तर हे शिल्प घरचं वाटावं. पैठणच्या सातवाहनांपैकी वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं नाव नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि कार्ल्याला कोरलेलं आहे, तसंच अमरावतीच्या लेखातही. स्तूपाला दान देणाऱ्यांत साधी माणसंही होती. विधिक नावाच्या चर्मकारानं पूर्णघटाची शिळा दिल्याचा लेख आहे.

पुढे स्तूप पडला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचे दगड बांधकामाला गेले, कित्येक चुन्यासाठी भट्टीत जळाले. ब्रिटिश अधिकारी कॉलिन मॅकेन्झी यानं १८१६ साली उरलेल्या शिल्पांची चित्रं काढून घेतली. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट या दुसऱ्या अधिकाऱ्यानं उत्खनन करून शिल्पं मद्रासला धाडली. त्यातली बरीच १८५९ साली लंडनला गेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

म्हणून चेन्नईतलं हे पदक जपायला हवं. आपल्यातल्याच एका भिक्षूनं केलेला घात बौद्ध परंपरेनं झाकून ठेवला नाही. प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा तो स्तूपाच्या कठड्यावर मांडला. स्वतःची फूट इतक्या उघडपणे सांगायला संस्थेच्या अंगी मोठं बळ लागतं.