न्यायाधीश बदलून हवेत?

पेशीच्या दिवशी गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या कोर्टाबाहेर उभे राहा. जामीन नाकारला गेला, पुढची तारीख मिळाली नाही किंवा साक्षीदाराला विचारलेला प्रश्न साहेबांनी फेटाळला, की कुणीतरी म्हणतेच, ‘हे आपल्या विरोधात आहेत, केस दुसरीकडे न्या.’ तशी सोय कायद्यात आहे. मात्र त्यासाठी नाराजी पुरत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची तीन कलमे इथे महत्त्वाची. जिल्ह्यातल्या एका फौजदारी कोर्टातून दुसऱ्यात खटला द्यायचा अधिकार सत्र न्यायाधीशांना आहे (कलम 448). गडचिरोलीचा खटला चंद्रपूरला न्यायचा तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ गाठावे लागते (कलम 447). राज्याबाहेर न्यायचा तर सर्वोच्च न्यायालय (कलम 446). जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदल हवा असेल, तर आधी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करायचा. तो फेटाळला गेल्यावरच नागपूरला जाता येते. उच्च न्यायालयात अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते आणि आरोपीने अर्ज केला तर सरकारी वकिलांना लेखी सूचना द्यावी लागते. अर्ज निव्वळ त्रास देण्यासाठी केला असे दिसले, तर भरपाई भरण्याची वेळ येते.

निष्पक्ष न्याय मिळणार नाही ही भीती वाजवी असली पाहिजे, हा निकष सर्वोच्च न्यायालयाने गुरचरणदास चढ्ढा खटल्यात फार पूर्वीच सांगितला. ‘मला तसे वाटते’ एवढ्याने भागत नाही; तसे वाटण्याजोगे काय घडले, ते दाखवावे लागते. अंधेरीच्या कोर्टात जावेद अख्तर यांच्या बदनामी खटल्यात कंगना राणावत यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांवर पक्षपाताचा आरोप करून खटला हलवण्याची मागणी केली. हजर न राहिल्यास वॉरंट काढू, असे कोर्टाने त्यांना बजावले होते. ऑक्टोबर 2021 मध्ये मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांनी तो अर्ज फेटाळला. प्रतिकूल आदेश म्हणजे पक्षपात नव्हे.

गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्याचे तसे नव्हते. वडोदऱ्यात 2003 साली सर्व 21 आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते, सरकारी पक्षाने खटला नीट चालवला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितले आणि 2006 मध्ये मुंबईच्या कोर्टाने नऊ जणांना दोषी ठरवले. त्या खटल्यात साऱ्या वातावरणावरचाच विश्वास उडाला होता.

गडचिरोलीचे उदाहरण अपिलातले आहे. मार्च 2017 मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यात प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवले. ऑक्टोबर 2022 मध्ये नागपूर खंडपीठाने खटल्याच्या मंजुरीतील त्रुटीवरून त्यांना सोडले. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून अपील पुन्हा ऐकायला सांगितले, तेही दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे. पक्षपाताचा ठपका कुणावर नव्हता. एकदा मत बनवलेल्या पीठापुढेच प्रकरण पुन्हा जाऊ नये, एवढीच दक्षता होती. मार्च 2024 मध्ये नव्या पीठानेही आरोपींना निर्दोष सोडले. तोवर सहांपैकी पांडू नरोटे तुरुंगवासातच दगावले होते. न्यायाधीश बदलले म्हणून निकाल बदलतोच असे नाही. बदल मागायचा तो निकालावर विश्वास बसावा म्हणून.

शिवाय या भागात अंतराचा प्रश्न आहे. सिरोंचाहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरपलीकडे. खटला आणखी लांब गेला तर साक्षीदाराची मजुरी बुडते, माडिया बोलणाऱ्यासाठी दुभाष्या शोधावा लागतो. म्हणून आधी त्याच जिल्ह्यातले दुसरे कोर्ट मागावे.

संशय खरा वाटत असेल तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची तारीखवार नोंद) आणि आदेशांच्या प्रमाणित नकला घ्या, कोणत्या तारखेला काय घडले ते लिहून ठेवा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या आरोपीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.