मिनीडोरमधला सातवा माणूस आणि १२० किलोंची विंग

पालीच्या स्टँडवर मिनीडोरमध्ये सहाच्या जागी सात माणसं बसतात, कधी आठवाही कडेला टेकतो, आणि गाडी मुक्कामी पोचते. पॅरामोटरच्या विंगवर, म्हणजे कापडी पंखावर, छापलेला ‘९५ ते १२० किलो’ हा आकडाही आपण त्याच सवयीने वाचतो. कंपनीने थोडं हातचं राखलेलं असणारच! कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकलेला एखादा पाठीवर मोटर बांधून घाटाखालच्या भातखाचरांवर उडायचं ठरवतो, तेव्हा हा हिशेब अंगाशी येऊ शकतो.

पहिला घोळ बेरजेतच होतो. ‘माझं वजन ९२, म्हणजे मी बसतो की.’ लेबलवरचा आकडा माणसाच्या वजनाचा नसतो, उडणाऱ्या सगळ्या बोजाचा असतो. माणूस ९२, हार्नेससह मोटर २८, दहा लिटर पेट्रोल साडेसात, खुद्द विंग ६, रिझर्व्ह पॅराशूट २, हेल्मेट-बूट-कपडे अडीच. झाले १३८. म्हणजे १५ टक्के जादा.

‘जादा वजनाने दोऱ्या तुटतील’ ही भीती सगळ्यांना असते, आणि नेमकी तीच सर्वांत कमी खरी आहे. युरोपीय मानकाच्या चाचणीत विंगला कमाल वजनाच्या आठपट ताण सोसून दाखवावा लागतो. १२० च्या विंगला ९६० किलो. १३८ च्या बोजालाही त्यात जवळपास सातपट वाव उरतो. साठ अंश कललेल्या वळणात भार दुप्पट होतो, तोही त्यात मावतो. हे गणित अर्थात नव्या दोऱ्यांचं. अरामिडच्या दोऱ्या घड्या पडून पडून कमजोर होतात आणि उन्हाने कापड जीर्ण होतं, त्यामुळे चार उन्हाळे पाहिलेल्या विंगला हे आकडे लावू नयेत.

मग १२० ही रेघ कशाची? विंगचं वागणं तपासताना ती किमान आणि कमाल अशा दोन्ही वजनांवर मुद्दाम मिटवतात, स्टॉल करतात म्हणजे तिची उचल तोडतात, आणि स्वतःहून कशी सावरते ते नोंदवतात. १२० च्या पलीकडे ती नोंदच नाही. काही विंगवर मोटरसाठी वेगळी, वरची मर्यादा दिलेली असते. ती असेल तर जरूर धरावी. मात्र ‘मोटर आहे, मग जास्त चालतं’ हा नियम आपण घरी बसून करायचा नसतो.

यावर जाणकारांचं एक ठेवणीतलं उत्तर असतं: ‘वजन जास्त तर विंग घट्ट राहते, मिटत नाही.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. भार वाढला की विंगमधला दाब वाढतो आणि ती सहजी मिटत नाही, हे कबूल. पण मिटलीच तर झटका मोठा बसतो, विंग त्या बाजूला वेगाने फिरते, नाक खाली घालते आणि सावरायला जास्त उंची खाते. पालीच्या सरसगडाचा कातळ तापला की सकाळचं शांत आभाळ उरत नाही, आणि गडाच्या आडोशाला वारा गिरक्या घेत असेल तर ‘सहजी मिटत नाही’ या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

उतरताना तर सूट नाहीच. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १५ टक्के वजनाला सुमारे ७ टक्के, म्हणजे ताशी ४० चे ४३. तीन किलोमीटरने काय होतं, असं वाटेल. पण जमिनीशी जिरवायची ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढते, ती ३२ टक्के जादा होते. ती जिरवायला असतात आपले दोन गुडघे, पाठीवर २८ किलो, आणि पुढ्यात भाताचा बांध. धावता धावता बांध आडवा आला की ते तीन किलोमीटर समजतात.

‘इंजिन दमदार आहे, खेचेल.’ खेचेलही. पण नुसतं समतल उडायला लागणारी शक्ती या वजनाला सुमारे २३ टक्के वाढते. तेवढं जादा थ्रॉटल दिलं की पंख्याचा एका बाजूला वळवणारा पीळही वाढतो. शिवाय १५ अंशांच्या पहाटेपेक्षा ३५ अंशांच्या दुपारी हवा ६-७ टक्के विरळ असते. डिसेंबरात बांधावरून आरामात उठलेला माणूस मे महिन्यात त्याच खाचरात नुसता धावत राहील.

रिझर्व्हचा विचार तर बहुतेकदा राहूनच जातो. त्याची मर्यादा वेगळी असते. कमाल वजनाला सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येऊ नये, असं मानक आहे. तो वेग म्हणजे साधारण दीड मीटरवरून उडी. १२० च्या रिझर्व्हवर १३८ चा बोजा म्हणजे तीच उडी पावणेदोन मीटरवरून, मोटरसकट.

पेट्रोल कमी भरून भागेल? दहाऐवजी चार लिटर घेतलं तरी साडेचार किलोच वाचतात, १३३.५ उरतात. इथे मोठ्या मापाचीच विंग घ्यावी लागते. माप ठरवायला न्हाणीघरातला काटा पुरत नाही. गावातल्या भाताच्या गिरणीत पोत्यांचा काटा असतो, त्यावर सगळं सामान बांधून, टाकी भरून उभं राहावं. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळाच्या दारात काढतो ते बूट इथे मात्र पायातच ठेवावेत.